खटका पूर्ववत ठेवावा

श्यामराव मेहेंदळ्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. पस्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवताना कधी फळ्यावरचं गणित फसलंच, तर ते शांतपणे डस्टर उचलायचे आणि म्हणायचे, "एक छोटीशी दुरुस्ती." सुनेच्या माहेरच्यांना चुकीच्या कार्यालयात घेऊन गेले, तेव्हाही गाडी वळवताना त्यांनी दुरुस्तीच केली होती. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात अशा दुरुस्त्या पुष्कळ झाल्या होत्या, चूक मात्र एकही नव्हती.

दिवाणखान्यात खिडकीखाली त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. त्याच्या उजव्या अंगाला वेग बदलायचा एक खटका, आणि खटक्याशेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं कार्ड: 'खटका हलवू नये. हलवल्यास पूर्ववत ठेवावा.' चुलतभावाच्या पोराच्या हातून एकदा तो खटका मोडता मोडता राहिला होता, तेव्हापासूनचं ते कार्ड. पहिल्या वाक्यानंतर दुसऱ्याची गरज काय, असं व्याह्यांनी एकदा विचारलं होतं. श्यामराव म्हणाले, "सूचना वाचून उलट वागणारी माणसं असतातच. त्यांच्यासाठीही सूचना हवी." कार्ड पिवळं पडलं, कडा कुरतडल्यासारख्या झाल्या, पण श्यामरावांनी खटक्याला बोट लावलं नाही. त्यांच्या बहुतेक रेकॉर्डी मोठ्या, मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या. हलवायचं कशाला?

या रेकॉर्डी भावगीतांच्या किंवा नाट्यसंगीताच्या असत्या, तर त्यांना कुणी काही बोललं नसतं. पण नारायण पेठेतल्या मेहेंदळ्यांच्या या धाकट्या मुलाला पंचविशीत सोल आणि फंक संगीताचं वेड लागलं. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. आश्रमात ध्यानाला आलेले परदेशी लोक मायदेशी परतताना सामान मातीमोल विकून टाकायचे आणि ते फिरत फिरत जुन्या बाजारात यायचं. तिथे एका रविवारी श्यामराव मल्टिमीटर घ्यायला गेले आणि अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सहा तबकड्या घेऊन आले. पहिली लावली, आधी ड्रम वाजला, मग बास गिटार आली, आणि त्यांचा पाय आपोआप हलायला लागला. घरात कुणाचा पाय असा विनापरवाना हलल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. थोरल्या भावाने दार उघडून विचारलं, "हा ढणढणाट किती वेळ चालणार आहे?" तो ढणढणाट पुढे आयुष्यभर चालला.

या सगळ्यांत एक तबकडी त्यांच्या जिवाची होती. लहानशी, सात इंची. लेबल कोरं पांढरं, त्यावर निळ्या शाईत फक्त दोन इंग्रजी अक्षरं: एल. एम. बहुधा बाजारात यायच्या आधी तपासायला काढलेल्या मोजक्या प्रतींपैकी ती असावी. मधलं भोक भलंमोठं होतं, म्हणून श्यामरावांनी कॅरमचा स्ट्रायकर घासून, मधोमध भोक पाडून त्यात बसवला. सुई टेकवली आणि खोल, जड, खर्जातला पुरुषी आवाज आला. जगाचं दुःख पिऊन बसलेला माणूस सावकाश बोलावा तसा. श्यामरावांनी त्याला 'लेस्टर' असं नाव दिलं. एल म्हणजे लेस्टर, दुसरं काय असणार? मग त्याला चरित्रही मिळालं: कारखान्यात रात्रपाळी, प्रेमभंग, आईचं आजारपण. एका दिवाळी अंकात त्यांनी 'लेस्टरचा खर्ज' नावाचा लेख लिहिला. गाण्यात मध्येच सगळी वाद्यं क्षणभर थांबत; त्या जागेला लेखात 'हुंदका गिळण्याची जागा' म्हटलं होतं. हे वाक्य पुढे त्यांनी स्वतःच बऱ्याच ठिकाणी उद्धृत केलं.

आता त्या लेस्टरला पहिल्यांदाच घराबाहेर नेण्याचा योग आला होता. कोथरूडच्या श्रवण मंडळात दर महिन्याला कुणी ना कुणी जुन्या रेकॉर्डी ऐकवून त्यावर बोलत असे. सगळा कारभार ख्याल आणि नाट्यपदांचा. श्यामराव सहा वर्षं मंडळाकडे एक रविवार मागत होते आणि सुदर्शन नेने दर वेळी मोडता घालत होते. नेने म्हणजे कुठलंही व्याख्यान संपलं की पहिल्या रांगेतून "एक शंका आहे" म्हणत उठणारे गृहस्थ. "मेहेंदळे, मंडळ श्रवणाचं आहे, व्यायामाचं नाही," असं ते भर बैठकीत म्हणाले होते. अखेर चिटणीस शैलाताईंनी तारीख दिली. श्यामरावांनी अकरा पानांचं भाषण लिहून काढलं. नेन्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं, एवढंच आता त्यांना हवं होतं.

कार्यक्रम रविवारी. गुरुवारी संध्याकाळी सी विंगमधली श्रद्धा वानखडे आली. मूळची अकोल्याची, हिंजवडीत नोकरी, वय सत्तावीस, आणि पगारातला बराचसा भाग जुन्या रेकॉर्डींवर उधळणारी. पार्किंगमध्ये स्कूटर लावताना वरून आलेली बास ऐकून ती महिन्यापूर्वी सरळ वर आली होती आणि दारातच म्हणाली होती, "काका, कोण वाजवून राहिलं हे?" तेव्हापासून श्यामरावांना एक शिष्या मिळाली होती.

"तुला यात काय आवडतं गं?" त्यांनी एकदा तिला विचारलं होतं.

"काका, कसं आहे ना, हे लोक फेमस नव्हते. एखादं गाणं केलं, चाललं नाही, परत आपल्या कामाला गेले. पण त्या तीन मिनिटांत पूर्ण जीव टाकला ना त्यांनी. पन्नास वर्षांनी माझ्यासारखी कुणीतरी अकोल्याची पोरगी ऐकते आणि तिचा सगळा दिवस चांगला जातो. आणखी काय पाहिजे?"

हे आपल्याला लेखात का सुचलं नाही, याचं श्यामरावांना वाईट वाटलं होतं.

आज त्यांनी तिच्यासमोर लेस्टर बाहेर काढला. श्रद्धाने पांढरं लेबल पाहिलं आणि खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. मग तिने स्ट्रायकर पाहिला, खटका पाहिला, कार्ड वाचलं आणि जरा घुटमळली.

"काका, हे तुम्ही थर्टी-थ्रीवर वाजवता?"

"अर्थात."

"पण भोक मोठं आहे ना. असं भोक असलं की फॉर्टी-फाइव्हच असते."

"भोकाच्या आकाराचा आणि कोनीय वेगाचा काहीही संबंध नाही," श्यामराव म्हणाले. "वर्तुळाकार गती मी पस्तीस वर्षं शिकवली आहे."

"तुमचं फिजिक्स बरोबरच असेल काका. पण रेकॉर्ड तर पंचेचाळीसची आहे."

श्यामरावांना राग आला. पण पोरीचा गैरसमज दूर करायचा तर प्रयोगाइतकं दुसरं साधन नाही, हे त्यांच्यातल्या मास्तराला माहीत होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने, आयुष्यात पहिल्यांदा, खटका पंचेचाळीसवर नेला. तो घट्ट बसलेला असेल असं त्यांना वाटलं होतं. तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

ड्रम कडकडीत वाजला. बास उड्या मारत आली. आणि मग एक बाई गायला लागली. खणखणीत आवाजाची, ठसकेबाज, कुणाचं तरी व्यवस्थित माप काढणारी बाई. दुःखाचा मागमूसही नव्हता. रात्रपाळी, प्रेमभंग आणि आईचं आजारपण चार मात्रांत वाहून गेलं. श्यामराव एका हाताने खिडकीचा गज धरून उभे राहिले.

गाणं मधल्या थांब्याशी आलं. सगळी वाद्यं थबकली. हुंदका गिळण्याची जागा.

आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून दोन टाळ्या वाजल्या. अगदी नेमक्या, थांब्यात मोजून बसणाऱ्या. टाळ्या संपल्या आणि ड्रम पुन्हा सुरू झाला.

श्रद्धाने स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग श्यामरावांकडे. फिजिक्स नको, गणितही नको. ज्याने हे गाणं या वेगात आधी कधी ऐकलेलंच नाही त्याला त्या थांब्यात दोन टाळ्या इतक्या नेमक्या बसवता येणंच शक्य नव्हतं. रेकॉर्ड संपल्यावर श्रद्धा म्हणाली, "काकू, मी निघते. माझं दूध गॅसवर आहे." संध्याकाळी सात वाजता तिचं दूध कशाला गॅसवर असेल, हे कुणी विचारलं नाही.

श्यामरावांच्या पत्नी हेमाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. कणकेने बरबटलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्यामुळे पिठाचे ठिपके चष्म्यावरही उडाले होते.

"तुला माहीत होतं," श्यामराव म्हणाले.

"होतं."

"कधीपासून?"

"लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. आमच्याकडे माहेरी भावगीतांच्या छोट्या तबकड्या होत्या. त्या पंचेचाळीसवरच लावायचो. मी तुम्हाला म्हणाले होते, 'अहो, ही छोटी ना?' तर तुम्ही मला काळ्या माणसाची वेदना समजावून सांगायला लागलात. पाऊण तास."

"मग नंतर सांगायचंस!"

"सांगणार होते. पण तुम्ही डोळे मिटून ऐकत बसायचात ना, फार बरे दिसायचात. म्हटलं, राहू दे त्यांना त्यांचा लेस्टर." हेमाताईंनी चष्मा पुसला. "तुम्ही कॉलेजात गेलात, मुलं शाळेत गेली, की बारा-साडेबाराला मी माझी लावायचे. आणि नाचायचे. स्वयंपाकाचा सगळा शीण जायचा. लीला म्हणते मी तिला."

"लीला?"

"एल. एम. म्हणजे लीला मोडक. माझ्या वर्गात होती. अश्शीच तोंडाळ."

"आणि हे कार्ड?" श्यामरावांचा आवाज चढला. "इथे स्पष्ट लिहिलंय, खटका हलवू नये!"

"पुढे काय लिहिलंय? हलवल्यास पूर्ववत ठेवावा. रोज ठेवला. एकदाही विसरले नाही."

श्यामरावांनी कार्ड पुन्हा वाचलं. स्वतःच्या हस्ताक्षरात स्वतःचाच पराभव वाचण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते बेडरूममध्ये जाऊन बसले आणि जेवायला आले तेव्हा फक्त "मीठ" एवढंच म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी शैलाताईंना फोन लावला. "तब्येत जरा नरम आहे, रविवारचं रद्द करा," एवढंच म्हणायचं होतं. शैलाताई म्हणाल्या, "अहो, नेने कालच विचारत होते, मेहेंदळे येतायत ना नक्की, की आयत्या वेळी माघार?" श्यामराव म्हणाले, "येतोय म्हणावं," आणि फोन ठेवून कपाळाला हात लावून बसले. लेस्टर ऐकवावा तर ते खोटं. फिजिक्सच्या माणसाला ते जमणार नव्हतं. लीला ऐकवावी तर छापून आलेला लेख, अकरा पानं, हुंदका, सगळंच पाण्यात. नेने उठणार, "एक शंका आहे" म्हणणार, आणि मग महिनाभर सकाळच्या फिरण्यात टेकडीवर हीच चर्चा.

पण खरं दुखत होतं ते वेगळंच. तो विचार शनिवारी सकाळी दाढी करताना त्यांच्या मनात आला आणि वस्तरा हातातच राहिला. हेमा नाचत होती. चव्वेचाळीस वर्षं, आठवड्यातून चार-पाच दिवस, याच घरात, याच रेकॉर्डवर त्यांची बायको नाचत होती, आणि ते एकदाही हजर नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी घरी बसायला सुरुवात केली तेव्हा ती कशी काय जमवत होती? मग त्यांना आठवलं. "अहो, जरा वाचनालयात पुस्तकं बदलून या ना," हे बारा वाजताचं वाक्य. तेरा वर्षं ते हेमाताईंच्या वाचनाच्या वेगाचं कौतुक करत आले होते.

बारा वाजता ते स्वतःच उठले. "वाचनालयात जाऊन येतो," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तासभर तरी लागेल."

"पुस्तकं न घेताच?" हेमाताईंनी विचारलं.

"तिथेच बसून वाचेन."

दार लावून घेऊन ते जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग आतून 'खट्' असा हलका आवाज आला, ड्रम कडाडला आणि लीला मोडक बोलायला लागली. फरशीवर पावलं वाजत होती. त्यांनी कान दाराला लावला. सत्तर वर्षांच्या, गुडघ्यांना रोज तेल लावणाऱ्या बाईची ती पावलं पहिल्या मात्रेवर अशी पडत होती की तबलजीने समेला मान डोलवावी. थांबा आला, दोन टाळ्या वाजल्या. श्यामरावांचा पाय जिन्यावर हलत होता, अठ्ठ्याहत्तर साली हलला होता तसाच. आणि त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला. वरच्या मजल्यावर भाजी देऊन टोपलीसह उतरणाऱ्या भाजीवाल्या यमुनाबाईंनी विचारलं, "काका, किल्ली विसरलात?" श्यामरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना शेजारच्या पायरीवर बसायची खूण केली. यमुनाबाई बसल्या. दोघांनी गाणं पुरतं ऐकलं.

रविवारी संध्याकाळी श्यामराव मांडीवर प्लेअर घेऊन रिक्षाने हॉलवर गेले. शेजारी पर्समध्ये स्ट्रायकर घेऊन हेमाताई. चाळीस खुर्च्या भरल्या होत्या. श्रद्धा शेवटच्या रांगेत अंग चोरून बसली होती. पहिल्या रांगेत सुदर्शन नेने, हातात वही.

श्यामराव उभे राहिले. अकरा पानं त्यांनी वर धरली.

"हे माझं भाषण. यात एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून अकराव्या पानापर्यंत."

मग त्यांनी पानं टेबलावर ठेवली आणि तेहेतीसवर लेस्टर लावला. खर्ज खुर्च्यांच्या पायांतून वर चढत होता. थांबा आला तेव्हा नेन्यांनी चक्क डोळे मिटले, आणि गाणं संपल्यावर त्यांच्या तोंडून "वा" निघून गेलं. सहा वर्षं श्यामराव ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच, आणि इथेच थांबलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं.

"आपण आत्ता ऐकलंत ते अस्तित्वात नाही," श्यामराव म्हणाले. "मी चव्वेचाळीसहून जास्त वर्षं ही रेकॉर्ड हळू वाजवली. भोकाच्या आकाराकडे, खटक्याकडे आणि घरातल्या माणसाकडे लक्ष दिलं नाही. लेस्टर कधी नव्हताच. जी होती तिची माझी ओळख परवाची आहे. माझ्या पत्नीची तिच्याशी फार जुनी मैत्री आहे. हेमा, जरा इकडे ये."

हेमाताई पदर सावरत पुढे आल्या. त्यांनी खटका हलवला, तो नेहमीसारखा सहज गेला. लीला मोडकने चाळीस पुणेकरांना पहिल्याच ओळीत धारेवर धरलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. शैलाताईंची मान डोलायला लागली. थांबा आला, हेमाताईंनी दोन टाळ्या वाजवल्या, आणि मागून श्रद्धाने शिट्टी मारली. श्रवण मंडळात आजवर शिट्टी वाजली नव्हती, पण घटनेत तशी मनाई नसल्याचं शैलाताईंनी नंतर तपासून सांगितलं.

गाणं संपलं. नेने उठले.

"एक शंका आहे."

हॉल सावरून बसला. श्यामरावांनी टेबलाची कड धरली.

"आमचा अर्धा वेळ तुमच्या त्या लेस्टरवर गेला. ही बाई एकदाच ऐकवलीत," नेने म्हणाले. "हा पक्षपात कशासाठी?"

हशा झाला, खुर्च्या सरकल्या. या गडबडीत हेमाताईंचा हात, सवयीने, खटक्याकडे गेला आणि त्यांनी तो पूर्ववत तेहेतीसवर आणून ठेवला. श्यामरावांनी ते पाहिलं. त्यांनी प्लेअरवरचं ते पिवळं कार्ड नखाने सोलून काढलं, खिशात घातलं आणि खटका पुन्हा पंचेचाळीसवर नेला.

"राहू दे इथेच," ते म्हणाले. "आणि मला दाखव, टाळ्या कुठे वाजवायच्या."

ड्रम वाजला. हेमाताईंनी त्यांचं मनगट धरलं आणि मात्रा मोजायला लागल्या. श्यामराव ओठ घट्ट मिटून, परीक्षेला बसल्यासारखे वाट बघत होते. थांबा आला. हेमाताईंच्या दोन टाळ्या चोख पडल्या. श्यामरावांची पहिली टाळी उशिरा आली आणि दुसरी थेट गाणाऱ्या बाईच्या शब्दावर बसली.

"चुकलं," श्यामराव म्हणाले आणि मोठ्याने हसले.

हेमाताईंनी मात्रा मोजणं थांबवलं. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "परत म्हणा बघू."